चंद्राची वाट आणि डोंगराखालचा बोगदा : वेर्नर फॉन ब्राउन यांचे चरित्र

चंद्रावर माणसाचे पाऊल पडले, त्या घटनेला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. नील आर्मस्ट्राँग यांचे नाव पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. परंतु आर्मस्ट्राँग आणि त्यांचे दोन सहकारी ज्या अग्निबाणाच्या टोकावर बसून पृथ्वीबाहेर गेले, तो कोणी घडविला असे विचारले, तर शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांनाही चटकन उत्तर देता येत नाही. त्या अग्निबाणाचे नाव सॅटर्न-५ आणि त्याच्या घडणीचे प्रमुख होते वेर्नर फॉन ब्राउन. अमेरिकेच्या अग्निबाणांचा इतिहास त्यांना वगळून सांगताच येत नाही.

थोर शास्त्रज्ञांची चरित्रे स्मरणिकेत छापण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. ती बहुधा गुणगौरवाच्या अंगाने लिहिली जातात. फॉन ब्राउन यांच्या चरित्रात गौरव करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ज्याकडे पाठ फिरविणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही असेही पुष्कळ आहे. आम्ही येथे दोन्ही सांगणार आहोत. विद्यार्थ्यांपुढे अर्धे चरित्र ठेवण्यापेक्षा चरित्र न ठेवलेले बरे, असे आम्ही मानतो.

वसतिगृहातील मुलगा

वेर्नर फॉन ब्राउन यांचा जन्म २३ मार्च १९१२ रोजी विर्झित्स या गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. घराणे सरंजामदारांचे होते. वडील मॅग्नुस हे वरिष्ठ सरकारी अधिकारी होते आणि पुढे १९३२ मध्ये जर्मनीचे कृषिमंत्री झाले. १९२० मध्ये कुटुंब बर्लिनला आले. मुलाच्या धर्मदीक्षेच्या प्रसंगी आईने त्याला दुर्बीण भेट दिली आणि चंद्राचे खड्डे पाहता पाहता त्या मुलाला आकाशाचे वेड लागले. बारा-तेरा वर्षांच्या या मुलाने एकदा एका हातगाडीला दारूकामाचे बाण बांधून ते पेटवून दिले. बर्लिनच्या रस्त्यातून ती गाडी धूर सोडत सैरावैरा धावली आणि चिरंजिवांना पोलिसांनी पकडून वडिलांच्या हवाली केले.

अभ्यासात हा मुलगा मागे होता. गणित आणि भौतिकशास्त्र कच्चे. म्हणून १९२५ मध्ये वडिलांनी त्याला वायमार शहराजवळच्या एटर्सबुर्ग येथील वाड्यात भरणाऱ्या निवासी शाळेत ठेवले. हेर्मान लीट्स या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांवर चालणाऱ्या या शाळांत सकाळी पुस्तकी अभ्यास आणि दुपारी सुतारकाम, गवंडीकाम यांसारखी हाताची कामे असत. याच काळात हेर्मान ओबेर्ट यांचा अंतराळातील प्रवासावरचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. पाने उलटली तर सगळीकडे समीकरणेच समीकरणे! त्यातील अक्षरही कळेना. अंतराळात जायचे असेल तर गणितावाचून गत्यंतर नाही, हे मुलाच्या मनाने घेतले आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्याच विषयाला तो भिडला. १९२८ मध्ये तो उत्तर समुद्रातील श्पीकरोग बेटावरील त्याच संस्थेच्या शाळेत गेला. तेथे गणिताचे शिक्षक आजारी पडले असता वर्गाला गणित शिकविण्याचे काम याच विद्यार्थ्याकडे आले. कच्चे म्हणून वसतिगृहात धाडलेले पोर दोन-तीन वर्षांत शिक्षकाच्या जागी उभे राहिले.

वाचकांनी एटर्सबुर्ग हे नाव मात्र ध्यानात ठेवावे. हा वाडा एटर्सबेर्ग नावाच्या डोंगराच्या उत्तर उतारावर आहे. पुढे त्याच डोंगराकडे आपल्याला पुन्हा जावे लागणार आहे.

लष्कराच्या दारात

अग्निबाण ही मुळात साधी कल्पना आहे. मागच्या बाजूने वायू वेगाने बाहेर फेकला की त्याच्या प्रतिक्रियेने अग्निबाण पुढे जातो. त्याला रेटा देण्यासाठी बाहेर हवा असावी लागत नाही, म्हणून तो निर्वात पोकळीतही चालतो. हे गणिताने प्रथम मांडले रशियातील त्सिओल्कोव्स्की या शाळामास्तरांनी. दारूऐवजी द्रवरूप इंधन वापरून पहिला अग्निबाण उडविला तो अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांनी, १६ मार्च १९२६ रोजी, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न येथील एका शेतात. तो जेमतेम अडीच सेकंद उडाला आणि सुमारे साडेबारा मीटर उंच गेला. गोडार्ड यांची वृत्तपत्रांनी टिंगल केली आणि अमेरिकन सरकारने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अग्निबाणविद्येचा पहिला पाळणा अमेरिकेत हलला खरा, पण ती मोठी झाली जर्मनीत.

याला कारण होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या तोफांवर कडक बंधने घातली होती. अग्निबाणांचा उल्लेख त्या तहात नव्हता. जर्मन लष्कराने ही फट हेरली. बर्लिनमध्ये हौशी तरुणांची एक अंतराळ मंडळी जुन्या दारूगोळ्याच्या आवारात अग्निबाण उडवीत असे. अभियांत्रिकी शिकणारा फॉन ब्राउन त्यांत होता. १९३२ मध्ये लष्कराने त्याला पैसा, जागा आणि कामगार देऊ केले आणि विसाव्या वर्षी त्याने ते स्वीकारले. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. १९३४ मध्ये फॉन ब्राउन यांना बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद ठेवण्यात आला. १९३७ पासून बाल्टिक समुद्राच्या काठी पेनेम्युंडे येथे प्रचंड संशोधन केंद्र उभे राहिले आणि वयाच्या पंचविशीत ते त्याचे तांत्रिक प्रमुख झाले. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सभासद झाले. १९४० मध्ये एसएस या कुप्रसिद्ध संघटनेत दाखल झाले आणि तेथे मेजरच्या दर्जापर्यंत चढले. हे सर्व नाइलाजाने केले, नाही म्हटले असते तर आयुष्यभराचे काम सोडावे लागले असते, असे स्पष्टीकरण त्यांनी पुढे दिले. ते खरे मानले तरी प्रश्न सुटत नाही. काम सोडणे हाही एक मार्ग होता आणि तो त्यांनी निवडला नाही.

पेनेम्युंडे येथे तयार झालेला ए-४ हा अग्निबाण चौदा मीटर उंच आणि सुमारे साडेबारा टन वजनाचा होता. बटाट्यापासून काढलेला अल्कोहोल हे त्याचे इंधन आणि ते जाळण्यासाठी द्रवरूप प्राणवायू. ही दोन्ही द्रव्ये ज्वलनकक्षात वेगाने ढकलण्यासाठी वाफेवर फिरणारा पंप, दिशा राखण्यासाठी घूर्णदर्शी यंत्रे आणि ज्वाळेच्या झोतातच बसविलेल्या ग्रॅफाइटच्या पट्ट्या अशी त्याची रचना होती. आजच्या मोठ्या अग्निबाणांतील बहुतेक मूळ कल्पना त्यात होत्या. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तो ८० किलोमीटरांहून अधिक उंच गेला. माणसाने केलेली कोणतीही वस्तू तोवर इतक्या उंचीवर गेली नव्हती. पण त्याच्या टोकाशी दुर्बीण नव्हती. तेथे सुमारे एक टन स्फोटके भरायची होती. नाझी प्रचारखात्याने त्याला नाव दिले व्ही-२, म्हणजे सूडाचे दुसरे अस्त्र.

डोंगराखालचा बोगदा

ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्बहल्ला केला. त्यानंतर व्ही-२ चे उत्पादन मध्य जर्मनीतील नॉर्डहाउझेन शहराजवळ, कोनश्टाइन नावाच्या डोंगराच्या पोटात हलविण्यात आले. हे काम करायला कैदी आणले गेले ते बुखेनवाल्ड या छळछावणीतून. आणि बुखेनवाल्डची छावणी होती एटर्सबेर्ग डोंगरावर. ज्या डोंगराच्या उतारावरील शाळेत फॉन ब्राउन यांनी अंतराळाची स्वप्ने पाहिली, त्याच डोंगरावर १९३७ पासून माणसांना काटेरी तारांआड कोंडले जात होते.

कोनश्टाइनच्या छावणीचे नाव डोरा. रशियन, पोलिश, फ्रेंच, इटालियन आणि इतर अनेक देशांचे कैदी, पुढे ज्यू आणि रोमा लोकही तेथे आणले गेले. आरंभीचे कित्येक महिने हे कैदी बोगद्यातच राहत. तेथेच सुरुंग उडत, तेथेच यंत्रे बसविली जात आणि तेथेच लाकडी फळ्यांच्या मजल्यांवर माणसे झोपत. पिण्याला पुरेसे पाणी नाही, शौचकूप म्हणून अर्धे कापलेले पिंप, फुफ्फुसात खडकाची धूळ आणि आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन नाही. यंत्रात मुद्दाम बिघाड केल्याच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातील क्रेनला फाशी दिले जाई आणि बाकीच्यांना ते पाहत त्यांच्या खालून कामावर जावे लागे. मित्तेलबाऊ-डोरा या छावणीसमूहातून सुमारे ६०,००० कैदी गेले. त्यांपैकी सुमारे २०,००० मरण पावले.

सप्टेंबर १९४४ पासून व्ही-२ चा मारा सुरू झाला. सुमारे ३,००० अग्निबाण सोडण्यात आले. लंडन आणि बेल्जियममधील अँटवर्प ही त्यांची मुख्य लक्ष्ये. १६ डिसेंबर १९४४ रोजी अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर पडलेल्या एकाच अग्निबाणाने ५६७ माणसे मारली. या माऱ्यात एकूण हजारो नागरिक मेले. तरीही ज्यांच्यावर तो पडला त्यांच्यापेक्षा, तो बनविणाऱ्या छावणीत मेलेल्यांची संख्या मोठी होती. शस्त्रांच्या इतिहासात अशी गोष्ट विरळा.

फॉन ब्राउन यांना यातले किती ठाऊक होते? कारखान्याचा कारभार त्यांच्या हाती नव्हता. तो एसएसच्या आणि उत्पादनाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात होता. परंतु ते त्या बोगद्यात अनेकदा गेले होते, हे त्यांनी स्वतः पुढे मान्य केले. तेथील स्थिती भयंकर होती हेही मान्य केले. मारहाण वा मृत्यू मात्र आपण डोळ्यांनी पाहिला नाही असे ते सांगत राहिले. ऑगस्ट १९४४ मधील त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे. तांत्रिक कामाला योग्य असे कुशल कैदी निवडण्यासाठी आपण स्वतः बुखेनवाल्डला जाऊन आलो, असे त्यात नमूद आहे. या पत्राचा दुसरा अर्थ लावणे आम्हांस शक्य वाटत नाही.

मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने त्यांना अटकही केली होती. शस्त्रापेक्षा अंतराळप्रवासाकडे त्यांचे लक्ष अधिक आहे आणि युद्ध हरणार असे ते बोलतात, असा आरोप होता. वरिष्ठांनी रदबदली केल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी ते सुटले. त्यांचे चाहते या अटकेकडे बोट दाखवितात. ती खरी आहे. पण त्या अटकेचा डोराच्या कैद्यांशी काही संबंध नव्हता. कैद्यांसाठी आवाज उठविला म्हणून ते तुरुंगात गेले नव्हते.

शत्रूचे सहकारी झाले

युद्धाच्या शेवटी आपण कोणाच्या हाती पडावे, याचा फॉन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारपूर्वक निर्णय घेतला. कित्येक टन आराखडे त्यांनी एका खाणीत दडवून ठेवले आणि २ मे १९४५ रोजी आल्प्सच्या परिसरात ते अमेरिकन सैन्याच्या स्वाधीन झाले. त्याआधीच ११ एप्रिलला अमेरिकन सैनिक डोरा येथे पोहोचले होते आणि त्यांनी तेथील प्रेतांच्या राशी पाहिल्या होत्या. एकाच सैन्याने एकाच महिन्याच्या अंतराने दोन्ही पाहिले. अमेरिकेला या विद्येची गरज होती, रशियाच्या हाती ती पडू द्यायची नव्हती. म्हणून ‘पेपरक्लिप’ या मोहिमेखाली शंभराहून अधिक जर्मन अग्निबाणतज्ज्ञ अमेरिकेत आणले गेले आणि त्यांच्या पूर्वायुष्यातील अडचणीचे तपशील झाकून ठेवण्यात आले.

टेक्सासमधील फोर्ट ब्लिस ही लष्करी छावणी त्यांचे पहिले ठिकाण. शेजारच्या न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे, जर्मनीतून आणलेल्या सुट्या भागांतून उभे केलेले व्ही-२ उडविण्यात येऊ लागले. आता स्फोटकांच्या जागी मापनयंत्रे बसली. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी अशाच एका व्ही-२ वरील कॅमेऱ्याने शंभर किलोमीटरांच्या वरून पृथ्वीचे छायाचित्र टिपले. फेब्रुवारी १९४९ मध्ये व्ही-२ च्या डोक्यावर वॅक कॉर्पोरल हा छोटा अमेरिकन अग्निबाण बसविला. खालचा जळून संपला की वरचा पेट घेई. अशा रीतीने तो सुमारे ३९० किलोमीटर उंच गेला. रिकामी झालेली टाकी टाकून देऊन हलके होत वर जाण्याची ही टप्प्याटप्प्यांची पद्धत पुढील सर्व प्रक्षेपणयानांचा पाया ठरली.

१९५० मध्ये हा सारा चमू अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे हलला. कापसाच्या व्यापाराचे हे गाव तेव्हा सुमारे १६,००० वस्तीचे होते. दहा वर्षांत वस्ती ७२,००० च्या घरात गेली. येथे रेडस्टोन हे क्षेपणास्त्र तयार झाले. त्याचे मूळ व्ही-२ मध्येच होते. १९५५ मध्ये फॉन ब्राउन अमेरिकेचे नागरिक झाले. एव्हाना मासिकांतील सचित्र लेखांतून आणि वॉल्ट डिस्ने यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतून ते घरोघर पोहोचले होते. अंतराळप्रवास ही कादंबरीतील गोष्ट नसून हिशेबाने साधणारे काम आहे, हे सामान्य अमेरिकन माणसाला पटविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांचा ज्युपिटर-सी हा अग्निबाण १,००० किलोमीटरांहून अधिक उंच गेला. त्यावर आणखी एक जळता टप्पा असता, तर उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला असता. पण अमेरिकेचा पहिला उपग्रह सोडण्याचे काम नौदलाच्या व्हॅन्गार्ड प्रकल्पाकडे दिलेले होते, म्हणून शेवटच्या टप्प्यात इंधन भरू नये असा आदेश होता. वर्षभरानंतर, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. डिसेंबरमध्ये व्हॅन्गार्ड जमिनीवरून चार फूट उचलला न उचलला तोच कोसळून पेटला. मग सरकारला हंट्सव्हिलची आठवण झाली. ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री फॉन ब्राउन यांच्या अग्निबाणाने एक्स्प्लोरर-१ हा सुमारे चौदा किलो वजनाचा उपग्रह कक्षेत सोडला. त्यावरील जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणामुळे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा शोध लागला. ५ मे १९६१ रोजी रेडस्टोनवरच बसून ॲलन शेपर्ड हे अंतराळात जाणारे पहिले अमेरिकन ठरले.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. अमेरिकेचे सर्वच अग्निबाण फॉन ब्राउन यांचे नव्हेत. जॉन ग्लेन ज्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेले तो ॲटलस हा बेल्जियममध्ये जन्मलेल्या कारेल बोसार्ट यांच्या कल्पनेतून आला होता. त्याच्या पोलादी टाक्यांचे पत्रे इतके पातळ होते की आत दाब ठेवला नाही तर त्या आपल्याच वजनाने चेपत. जेमिनी यानांचा टायटन आणि दीर्घकाळ चाललेला डेल्टा हेही हवाई दलाच्या क्षेपणास्त्रांतून निघाले. कोणत्याही मोठ्या विद्येचा एकच जनक नसतो.

सॅटर्न-५

१९६० मध्ये नासाच्या मार्शल अंतराळ केंद्राचे फॉन ब्राउन हे पहिले संचालक झाले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प जाहीर केला. हा संकल्प पेलणारा अग्निबाण कोणाकडेच नव्हता.

सॅटर्न-५ ची उंची सुमारे ११० मीटर, म्हणजे छत्तीस मजली इमारतीएवढी, आणि इंधन भरल्यावर वजन २,९०० टनांहून अधिक. त्याचे तीन टप्पे. पहिल्या टप्प्याला एफ-१ जातीची पाच इंजिने. ती सर्व मिळून दर सेकंदाला सुमारे तेरा टन केरोसीन आणि प्राणवायू जाळीत आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत आपले काम संपवीत. वरच्या दोन टप्प्यांत द्रवरूप हायड्रोजन होता. तो उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. एफ-१ इंजिनाच्या चाचण्यांत एक संकट उभे राहिले. आतली ज्वाळा क्षणार्धात थरथरू लागे आणि इंजिनाच्या चिंधड्या उडत. तज्ज्ञांनी मग एक धाडसी उपाय केला. चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवून ते थरथरणे उत्पन्न करायचे आणि ज्वाळा आपोआप शांत होते की नाही हे पाहायचे. इंधन फवारणाऱ्या तबकडीची रचना पुन्हा पुन्हा बदलून, कित्येक वर्षे खपून त्यांनी इंजिन स्थिर केले.

फॉन ब्राउन यांचा मोठा गुण येथे दिसतो. हजारो तज्ज्ञांना एका सूत्रात बांधून ठेवणे आणि दुसऱ्याचे म्हणणे पटले तर स्वतःचा हट्ट सोडणे त्यांना जमत असे. चंद्रावर उतरण्यासाठी मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून लहान यान खाली पाठवावे, ही जॉन हौबोल्ट यांनी नेटाने मांडलेली योजना फॉन ब्राउन यांच्या केंद्राच्या योजनेहून वेगळी होती. तरी जून १९६२ मध्ये त्यांनी आपल्याच सहकाऱ्यांना आश्चर्याचा धक्का देत तिला पाठिंबा दिला. एकेक टप्पा स्वतंत्रपणे उडवून पाहण्याची त्यांची सावध पद्धत होती. पण संपूर्ण यान पहिल्याच वेळी एकत्र उडवावे हा नासातील जॉर्ज म्युलर यांचा आग्रह त्यांनी अखेर मान्य केला. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सॅटर्न-५ पहिल्याच प्रयत्नात उडाला. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ निघाले आणि चार दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. १९७३ पर्यंत सॅटर्न-५ ची तेरा उड्डाणे झाली. या चंद्रमोहिमेत सुमारे चार लाख माणसांचे श्रम होते.

मात्र सॅटर्न-५ च्या प्रकल्पाचे व्यवस्थापक आर्थर रुडोल्फ हे एकेकाळी डोराच्या बोगद्यातील कारखान्याचे उत्पादनप्रमुख होते. अमेरिकेच्या न्यायखात्याने चौकशी केल्यावर १९८४ मध्ये त्यांना नागरिकत्व सोडून देश सोडावा लागला. फॉन ब्राउन तेव्हा हयात नव्हते.

हंट्सव्हिलचे दुसरे चित्र

अलाबामा हे राज्य वर्णभेदाचे माहेरघर होते. शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, बसमधील बाके वेगळी. कालपर्यंत अमेरिकेशी लढणारे जर्मन लोक हंट्सव्हिलमध्ये हव्या त्या उपाहारगृहात बसून जेवू शकत होते. त्याच युद्धात अमेरिकेसाठी लढून आलेला कृष्णवर्णीय सैनिक मात्र तेथे पाऊल ठेवू शकत नव्हता. मार्शल केंद्रात नोकरीला लागलेल्या कृष्णवर्णीय तंत्रज्ञांनाही हा जाच चुकला नाही. बढतीसाठी आवश्यक असलेले प्रशिक्षणवर्ग जेथे भरत तेथे त्यांना प्रवेश नसे. क्लाइड फॉस्टर या गणितज्ञाने हा प्रश्न लावून धरला आणि कृष्णवर्णीयांच्या अलाबामा ए अँड एम या संस्थेत असे वर्ग सुरू करविले. पुढे त्याच संस्थेत संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम उभा करण्यातही त्यांचा पुढाकार होता. अंतराळाच्या इतिहासात फॉस्टर यांचे नाव क्वचितच येते. कितीतरी मुलांसाठी बंद दार उघडणारा हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असला पाहिजे.

फॉन ब्राउन यांनी या प्रश्नावर काय केले? १९६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या सरकारने नासावर दबाव आणला, त्यानंतर ते उघडपणे वर्णभेदाविरुद्ध बोलू लागले. जून १९६५ मध्ये वर्णभेदाचे कट्टर समर्थक असलेले गव्हर्नर जॉर्ज वॉलेस केंद्राला भेट द्यायला आले असता, अलाबामाने भूतकाळाच्या बेड्या झुगारून द्याव्यात अशा आशयाचे ते बोलले. यात सरकारी धोरण किती आणि मनाची उपरती किती, हे सांगता येत नाही. पण जे १९४४ मध्ये बोलले नाहीत ते १९६५ मध्ये बोलले, एवढी नोंद त्यांच्या बाजूने करणे न्यायाचे होईल. दोन वेळांमध्ये फरकही होता. पहिल्या वेळी बोलण्याची किंमत प्राणाने मोजावी लागली असती. दुसऱ्या वेळी सत्ता त्यांच्या पाठीशी होती.

अपोलो-११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबर्नथी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपणतळावर आले होते. भुकेल्या देशवासीयांना अन्न आधी की चंद्र आधी, हा त्यांचा प्रश्न होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना उघड्या मैदानात जाऊन भेटले आणि त्यांच्यापैकी काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी प्रवेशपत्रे दिली. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी दिले नाही.

अखेरची वर्षे

चंद्रविजयानंतर अमेरिकेचा अंतराळावरील खर्च घटला. मंगळावर माणूस नेण्याची फॉन ब्राउन यांची योजना कागदावरच राहिली. १९७२ मध्ये नासा सोडून ते फेअरचाइल्ड या खाजगी कंपनीत उपाध्यक्ष झाले. या कंपनीने बांधलेल्या एटीएस-६ या उपग्रहाचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, ‘साइट’ या प्रयोगात याच उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचले. जेथे वीजही नीट नव्हती अशा गावांत मुले शाळेच्या पडवीत बसून थेट आकाशातून आलेला धडा पाहत होती. त्यांची राज्ये वेगळी होती, महाराष्ट्र त्यांत नव्हता. पण खेड्यातील शिक्षकाला त्या प्रयोगाचे मोल सांगावे लागत नाही. अग्निबाणविद्येचा इतका निर्मळ उपयोग फॉन ब्राउन यांच्या आयुष्याच्या आरंभी कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

१६ जून १९७७ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ६५. मृत्यूपूर्वी काही महिने त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले होते. डोराच्या बोगद्यातून जिवंत सुटलेले फ्रेंच कैदी जाँ मिशेल यांचे आठवणींचे पुस्तक त्याआधी दोनच वर्षे प्रसिद्ध झाले होते. जगाचे लक्ष डोराकडे वळायला अजून काही वर्षे जायची होती.

हिशेब

इतिहास हा न्यायालयासारखा शिक्षा देत नाही. तो हिशेब मांडतो. या हिशेबाच्या एका बाजूला एक्स्प्लोरर आणि सॅटर्न आहेत, असामान्य जिद्द आहे, संघटनकौशल्य आहे. दुसऱ्या बाजूला डोराचे वीस हजार मृत आहेत, ज्यांची नावे कोणत्याही प्रक्षेपणतळावर कोरलेली नाहीत. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूतून वजा करून शिल्लक काढता येत नाही. दोन्ही आकडे तसेच लिहून ठेवावे लागतात.

फॉन ब्राउन क्रूर होते असे म्हणण्यास आधार नाही. ते हुशार होते, मनमिळाऊ होते, आणि आपल्या कामात इतके बुडालेले होते की ते काम कोणाच्या पैशावर, कोणाच्या हेतूसाठी आणि कोणाच्या पाठीवर उभे आहे, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. जगात असे हुशार लोक क्रूर लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत. म्हणूनच हे चरित्र आम्हांस मोलाचे वाटते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले आज अभियंते, डॉक्टर, अधिकारी झाली आहेत. त्यांच्या आईवडिलांपैकी अनेकांनी दुसऱ्यांच्या इमारतींसाठी विटा वाहिल्या, दुसऱ्यांच्या शेतात ऊस तोडला. कोणत्याही भव्य वस्तूकडे पाहताना ती कोणाच्या हातांनी उभी राहिली, हे विचारण्याचा अधिकार या मुलांना वारशाने मिळाला आहे. आणि उद्या ती मोठ्या जागी बसतील तेव्हा तो प्रश्न स्वतःला विचारण्याचे कर्तव्यही त्यांच्याकडे येईल. कच्चे गणित जिद्दीने पक्के करणाऱ्या वसतिगृहातील मुलापासून आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर शिकावे. गणित पक्के झाल्यावर कोणासाठी काम करायचे, हे मात्र त्यांनी त्याच्यापेक्षा अधिक विचार करून ठरवावे. विद्येला शीलाची जोड लागते असे आपण वर्गात नेहमी सांगतो. ती जोड सुटली की काय होते, याची साक्ष कोनश्टाइनच्या डोंगरात आहे. तेथे आता स्मारक आहे आणि बोगद्याचा काही भाग पाहता येतो. चंद्राच्या वाटेची सुरुवात पाहायची असेल, तर त्या अंधारातही एकदा उतरले पाहिजे.